पाणी न घालण्याचा उन्हाळा

मी निघाले त्या सकाळी अण्णा एस.टी. स्टँडवर आले ते ओल्या पायांनी. चौऱ्याहत्तर साल, मार्च महिना, आणि आमच्या पोफळीच्या बागेत शिंपण्याची पाळी होती. लेक कुवेतला निघाली म्हणून शिंपणं चुकवावं, हा विचार माझ्या वडिलांच्या मनाला शिवणंही शक्य नव्हतं. अर्धी बाग शिंपून, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, तसेच ते धावत आले. आई रडत होती आणि रडता रडता आमसुलांच्या पुडीला गाठीवर गाठ मारत होती. एस.टी. सुटताना अण्णा खिडकीचा गज धरून म्हणाले, "जाशील तिथे आधी पाणी बघ. पाणी असलं की बाकीचं होतं आपोआप."

मुंबईत नर्सिंग केलेली, चोवीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष झालेली अशी मी होते. आमचे हे आधीच कुवेतमधल्या शुऐब्याच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून रुजू झाले होते, आणि मलाही तिथल्या एका इस्पितळात नोकरी मिळाली होती. मुंबईहून बोटीने सात दिवस लागले. त्यातले पाच मी ओकण्यात घालवले आणि उरलेले दोन पाण्याकडे बघण्यात. एवढं पाणी, आणि घोटभर पिण्याजोगं नाही. अण्णांना हे कसं कळवायचं याचाच विचार करत होते.

फिंतास या किनाऱ्यावरच्या गावात समुद्राच्या अलीकडे दोन गल्ल्या सोडून आमची दुमजली इमारत होती. आम्ही तळमजल्यावर. मागे एक चौकोनी अंगण, त्याला तिथे हौश म्हणतात. दक्षिणेकडे उंच भिंत, म्हणून भिंतीच्या पायथ्याला दिवसभर सावली. आणि कोपऱ्यात चक्क बोर! मी जाऊन तिच्या बुंध्याला हात लावला, काटा टोचला, आणि आल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. मे महिन्यात मात्र असा उकाडा सुरू झाला, की नळाचं थंड पाणी गरम यायला लागलं आणि अंघोळीसाठी सकाळीच बादल्या भरून ठेवायची वेळ आली. गावाकडून पत्र आलं, तिकडे झाडंबिडं आहेत का गो? मी लिहिलं, आहेत. एका बोरीला अनेकवचन दिलं म्हणून काही बिघडत नाही.

मग मी हट्टालाच पेटले. एअर कंडिशनरच्या नळीतून दिवसभर पाणी ठिपकतं, त्या नळीखाली अळू लावलं. ते इतकं माजलं, की शुक्रवारच्या सुट्टीला मराठी मंडळी अळूवड्यांचं निमित्त काढून यायला लागली. कढीपत्ता आला, गवती चहा आला, आणि मुंबईहून रुमालात गुंडाळून आणलेली तुळस तर डब्यात अशी फोफावली, की नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी माझी दृष्ट काढली. सिंधूच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणायचा. मीही चढले हरभऱ्याच्या झाडावर. माझ्या हाताने लावलेलं मरत नाही, अशी माझी खात्रीच झाली होती.

वरच्या मजल्यावर उम्म खालिद राहायची, म्हणजे खालिदची आई. तिकडे बायकांना थोरल्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. पॅलेस्टिनी होती, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, चाळिशीची, आवाज असा, की अंगणात बोलली तरी वर्गात उभं राहावंसं वाटावं. आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या कपड्यांच्या दोरीमुळे तिची वाट अडायची आणि तिचे भिंतीकडचे पाच गंजके डबे माझ्या डोळ्यांत खुपायचे. तेलाचे रिकामे डबे, आत सुकलेली, भेगा पडलेली माती, काडीचंसुद्धा नाव नाही. मी ह्यांना म्हणायची, ही बाई कचरा का जपते कोण जाणे.

पंचाहत्तरच्या नोव्हेंबरात एकदा ड्युटीवरून परत आले. माझी लेक मेधा तेव्हा पाच महिन्यांची होती, तिला शेजारणीकडून घ्यायची घाई होती. अंगणातून जाताना सहज डब्यांकडे नजर गेली आणि मी जागच्या जागी थांबले. त्या उघड्या मातीतून फुलं आली होती. पान नाही, कोंब नाही, एकही हिरवी खूण नाही. बोटभर देठ, देठाची मान वाकलेली, आणि त्यावर फिकट गुलाबी फूल, पाकळ्या मागे वळवलेलं, कुत्र्याच्या भुंकण्यानं वासरू कान मागे टाकतं ना, तसं. पाच डब्यांत मिळून सतरा फुलं. अहो, सहा महिने त्या मातीवर पाणी पडलेलं नव्हतं! मी रोज तिथून जात होते, मला माहीत होतं. मी खाली बसले. मेधाची आठवण झाली तेव्हा पाय मुंग्यांनी भरले होते. आमच्याकडे पावसाने शेवाळ येतं, दगडाला पाझर फुटतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण हे कशाने आलं? काहीच न देता कुणी एवढं देतं?

तशीच वर गेले, दार वाजवलं. माझी अरबी इस्पितळातली, कुठे दुखतंय आणि श्वास घ्या एवढीच. तिचं इंग्रजी शाळेतलं. त्या दोन्हींची खिचडी करून तिने मला वेलदोड्याची कॉफी पाजली आणि सगळं सांगितलं. त्या फुलाला इंग्रजीत सायक्लेमन म्हणतात. तिच्या गावच्या डोंगरात कातळाच्या सावलीत ते उगवतं, आणि शरद ऋतूतच, पानांच्या आधी फुलणारी ही त्याची जात तर फारच थोड्या ठिकाणी आहे. तिच्या आईच्या अंगणात मोठ्या खडकाखाली ते होतं. लग्न होऊन, शिक्षिकेची नोकरी घेऊन ती कुवेतला निघाली, तेव्हा आईने कंद खणून ओढणीत बांधून दिले होते. मग सदुसष्टची लढाई झाली, गाव सरहद्दीपलीकडे, शत्रूच्या ताब्यात गेलं, जायला परवाना लागायला लागला आणि तो काही मिळेना. दोन वर्षांनी आई गेली. मातीलाही जाता आलं नाही. "आईचं माझ्याकडे एवढंच राहिलंय," ती म्हणाली, आणि मला खजूर वाढले.

त्यानंतर आम्ही मैत्रिणी झालो. मला ती उम्म मेधा म्हणायला लागली. फुलांमागून पानं आली, विड्याच्या पानाएवढी, वर चांदीच्या वर्खासारखी नक्षी. सगळा हिवाळा भिंतीचा पायथा त्या पानांनी भरलेला असायचा. एप्रिलमध्ये पानं पिवळी पडून गळली की उम्म खालिद पाणी तोडायची. ते मेलं नाही, झोपलंय, असं मला दरवर्षी बजावून सांगायची. दर वर्षी मी मान डोलवायची, आणि दर नोव्हेंबरात, आता नाही येणार, मेलंच असणार, असं म्हणत रोज डोकावायची. आणि ते यायचं. पहिली कळी दिसली की माझ्या अंगावर काटा यायचाच.

एकोणऐंशीच्या जूनमध्ये तिची थोरली लेक अम्मानला बाळंत होणार होती, म्हणून ती शाळेच्या सुट्टीत तीन महिने निघाली. नेमकं त्याच उन्हाळ्यात मालकाने इमारतीचं रंगकाम काढलं. रंगाऱ्यांनी डबे इकडेतिकडे फेकू नयेत म्हणून तिने ते माझ्या मागच्या दारापाशी, तुळशीशेजारी आणून ठेवले. सांगितलं एवढंच, यांच्यावर लक्ष ठेव, आणि मी येईपर्यंत पाण्याचा एक थेंब घालू नकोस. आता बघा, मला काय करायचं होतं? काहीच नाही. काही न करण्याचं काम तिने माझ्यावर सोपवलं होतं.

आणि तेच मला जमलं नाही.

जून निभावला. जुलैत पारा अठ्ठेचाळीसवर गेला. रोज सकाळी अंघोळ करून मी तुळशीला पाणी घालायची, त्याशिवाय चहा घेत नाही मी, अजूनही. तुळशीचा डबा आणि हे पाच डबे एका ओळीत. तुळशीला तांब्याभर पाणी, आणि शेजारी पाच जण कोरडे ठणठणीत, भेगाळलेल्या तोंडाने बघतायत. आमच्या घरी पंक्तिप्रपंचाइतकं मोठं पाप नव्हतं. पंगतीत एकाच्या पानात तूप वाढायचं आणि शेजारच्याच्या नाही, असं झालं तर आई वाढणारीच्या हातातून तुपाचं भांडं काढून घ्यायची. त्यात मी शिंपणाऱ्याची लेक. मला ते पाच डबे टोचायला लागले. एक दिवस तांब्याच्या तळाशी उरलेलं घोटभर पाणी पहिल्या डब्यात ओतलं. मग वाटलं, याला घातलं आणि बाकीच्यांना नाही, हा तर आणखी मोठा प्रपंच. पाचांनाही घोट घोट घातलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मनाशी म्हणायची, उम्म खालिद डोंगरातली, तिला हा उन्हाळा काय कळतोय. आणि माझ्या हाताला गुण आहेच!

याच हाताने मी वॉर्डमध्ये काय करत होते ते सांगते. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून पेशंटला पाणी द्यायचं नसतं, आणि नातेवाईक हमखास दया येऊन ओला बोळा ओठांना लावता लावता अर्धा ग्लास पाजतात. अशा बायकांना मी अशी झापायची, की पूर्ण वॉर्ड गप्प व्हायचा. तुमच्या मायेने जीव जाईल त्याचा, हे माझं ठरलेलं वाक्य होतं.

ऑगस्टच्या मध्यावर डब्यांतून वास यायला लागला. तो वास नर्सला ओळखावा लागत नाही. मी चमच्याने माती उकरली. पहिला कंद बोटाला लागताच फुटला, आत सगळा पिवळा चिखल. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. मी अंगणात उकिडवी बसून हुंदके देऊन रडले. रंगारी शिडीवरून बघत होते, बघेनात का. माझ्या आईचं मी काही नासवलं असतं तर तिने मला दोन शिव्या देऊन माफ केलं असतं. ही दुसऱ्याची आई होती, आणि मेलेली.

पाचवा डबा सगळ्यांत गंजका होता, बूड कुजून त्याला भोक पडलं होतं, त्यामुळे पाणी बरंचसं वाहून गेलं होतं. त्यातला कंद बाहेर काढला. एका बाजूला नरम, काळपट. दुसरी बाजू टणक. सडलेल्या पायाचं जे करतात तेच करायचं ठरवलं. ब्लेड उकळलं, हात धुतले आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर निरोगी पांढरं दिसेपर्यंत सडका भाग कापत गेले. निम्म्याहून अधिक कंद गेला. जखमेवर सल्फाची पावडर टाकली, दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर सुकवला आणि कोरड्या वाळूत ठेवला. मग रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं, की दुसरा हात पाठीमागे धरून आत यायची. ह्यांना आधी गंमत वाटली. पण माझा चेहरा बघून त्यांनी थट्टा सोडली. सप्टेंबरभर मला जेवण गोड लागलं नाही.

उम्म खालिद शाळा सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात परत आली. नातवाचे फोटो, पिस्त्यांची मिठाई, सगळं घेऊन आधी माझ्याच दारात. मी तिला बसूही दिलं नाही. उभ्याउभ्याच सांगून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता. "मी पाणी घातलं. चार मेले. पाचवा अर्धा आहे, तो जगेल की नाही मला माहीत नाही."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रिकाम्या चार डब्यांकडे पाहिलं, फोटो पिशवीत ठेवले आणि जिना चढून गेली. मिठाईचा पुडा माझ्या पायरीवरच राहिला.

पुढचे सहा आठवडे तिने माझ्याशी एक शब्द काढला नाही. शुक्रवारी वरून येणारी भाताची थाळी बंद झाली. मी पाठवलेल्या अळूवड्या खालिदच्या हाती जशाच्या तशा परत आल्या. मेधा चार वर्षांची, नर्सरीत जायला लागल्यापासून मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणारी. वरच्या मावशीला ती तिकडच्यासारखी खाला म्हणायची; तिने एक दिवस विचारलं, "खाला इज अँग्री विथ अस?" मी म्हटलं, तुझ्यावर नाही गो, माझ्यावर. आणि बरोबर आहे तिचं.

पाचवा डबा तिने वर नेला नाही, माझ्याकडेच ठेवला. हे माझ्यावर टाकलेलं ओझं होतं की उरलेला विश्वास, ते मला कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. मी फक्त बघत होते. ऑक्टोबर गेला. सकाळी अंगणात गारवा जाणवायला लागला. एक दिवस ड्युटीला निघताना वाळूवर मला एक चीर दिसली. मुंगी असेल म्हणून वाकले. वाळू बाजूला सारून एक मान वर येत होती, तिळाएवढं डोकं खाली घातलेली, जांभळट.

निम्म्या कंदातून. मी कापलेल्या, पावडर लावलेल्या, तीन महिने थेंबभर पाणी न मिळालेल्या त्या तुकड्यातून. देवाशप्पथ सांगते, मी बाळंतपणं पाहिलीत, बंद पडलेलं हृदय पुन्हा चालू होताना पाहिलंय, पण असं हात जोडून उभं राहावंसं मला कधी वाटलं नव्हतं. मी ते केलं नव्हतं. मी तर मारायचं तेवढं मारलं होतं. माझ्या हाताच्या गुणाचा त्यात काहीच संबंध नव्हता, आणि हे कळल्यावर मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

युनिफॉर्ममध्येच वर गेले, दार वाजवलं. तिने उघडलं. मी नुसतं खाली बोट दाखवलं. ती चपला न घालता उतरली. आम्ही दोघी डब्यासमोर फरशीवर बसलो. तिची शाळा, माझी ड्युटी, दोन्ही चुकत होतं. ती माझ्याकडे न बघता बोलली.

"आईने मला नऊ दिले होते. पाच कुणी दिले नव्हते. इथल्या पहिल्या उन्हाळ्यात चार मी मारले. पाणी घालून. मला वाटलं, माझ्यासारखेच तेही इथे तहानले असतील. आईला मी शेवटपर्यंत कळवलं नाही. ती पत्रात विचारायची, नऊही फुलले का? मी लिहायची, फुलले."

मी तिचा हात धरला. ती रडली आणि मग मीही. माझ्यावरचा सहा आठवड्यांचा राग निम्मा तिचा स्वतःवरचा होता, हे तिने नंतर कधीतरी कॉफी पिताना कबूल केलं. त्या वर्षी एकच फूल आलं. परागकण फुलावर पडावेत म्हणून ती त्याला रोज सकाळी करंगळीने टिचकी मारायची. उन्हाळ्याच्या तोंडावर बोंड फुटून बी मिळालं. त्याची रोपं फुलायला तीन वर्षं गेली. ऐंशीच्या जूनमध्ये तिने तो डबा पुन्हा माझ्याच दारात आणून ठेवला. माझा एक उन्हाळा गावी जाण्यात गेला तेव्हा तिने, पाच वेळा नमाज पढणाऱ्या बाईने, माझ्या तुळशीला रोज सकाळी न चुकता पाणी घातलं. चहाच्या आधी घालायचं असतं हे मी सांगितलं होतं, म्हणून तीही तोवर चहा घ्यायची नाही.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तिला गावी जायचा परवाना मिळाला. एकोणीस वर्षांनी. तोपर्यंत चौदा डबे झाले होते. निघताना तिने ते माझ्या ओळीला लावले, आणि पाण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. टॅक्सीत बसताना नुसता माझा खांदा दाबला.

परत आली ती वर गेलीच नाही. बॅग जिन्याशी टाकून डब्यांपाशी पायरीवर बसली. भावाच्या मुलांची लग्नं झाली होती, त्यांना खोल्या हव्या होत्या. आईचं अंगण सिमेंटचं झालं होतं, खडक फोडून घराच्या पायात घातला होता. भावाचं काय चुकलं, पोरांना घर नको का, हे तीच मला समजावत होती. गावातल्या म्हाताऱ्यांना तिने विचारलं, तर तिथे फुलं होती हेच कुणाला आठवेना.

"आईचे आता एवढेच," ती म्हणाली. "जगात एवढेच."

चौदा डब्यांतली माती भेगाळली होती. मी बोट लावून पाहिलं, कोरडी ठणठणीत. ही सगळी त्या एका तुकड्याची पोरं. एकोणऐंशीच्या ऑगस्टात आणखी एक घोट पडला असता तर, हा विचार मनात आला आणि मी ते बोट पदराला पुसलं.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, तुम्ही पत्रात विचारता, घरी कधी येणार. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्यांनो, तुम्हालाही हाच प्रश्न येत असणार. बारा वर्षं मी उत्तरात यांच्या कंत्राटाची मुदत लिहीत आले, कारण दुसरं काही लिहिता येत नव्हतं. त्या नोव्हेंबरात चौदाही डबे फुलले. सकाळी उम्म खालिद शाळेला निघाली होती, पुस्तकं काखेत, घाईत. भिंतीपाशी आली, थांबली, आणि पुस्तकं खाली ठेवून त्या गुलाबी ओळीसमोर अशी बसली, जसं कुणी फार लांबून चालत आल्यावर बसतं. मी दारात तुळशीचा तांब्या घेऊन उभी होते.

"उम्म मेधा," ती म्हणाली, "महिनाभर मी माझ्या गावात होते. पण घरी आत्ता आले."

मी तिच्याशेजारी बसले. तिला शाळेला उशीर झाला, मला चहाला. आम्ही दोघींपैकी कुणीच उठलं नाही.